दुसऱ्या कडव्याआधीचा श्वास

१

दुपारी दोनला रेडिओवर जुनी गाणी लागायची आणि मरगदम खरकटी भांडी तशीच टाकून भिंतीलगतच्या खुर्चीवर येऊन बसायची. ती भिंत तिची आणि शेनबगम अक्कांची सामाईक. पलीकडे अक्कांचा पलंग, अलीकडे हिची खुर्ची, मधे एका विटेची जाडी. त्या विटेतून काय काय ऐकू येतं याचा अभ्यास सालिग्राममच्या त्या गल्लीत मरगदमइतका कुणाचा नव्हता. कुकरच्या शिट्ट्यांवरून ती पलीकडचं सांबार तुरीचं की मुगाचं ते सांगायची. तिचे यजमान तणिकाचलम, बसखात्यातून निवृत्त झालेले, म्हणायचे, देवाने सगळ्यांना दोन कान दिले, हिला तिसरा भिंतीत बसवून दिला.

मरगदमला ते लागत नसे. माणसांची चौकशीच करायची नाही तर माणसांत राहायचं कशाला?

अक्का सिनेमासाठी ट्रॅक गाणाऱ्या. मोठ्या गायिकेला वेळ नसतो. ती विमानाने येते, विमानाने जाते. तोवर वाद्यं वाजवून ठेवायची आणि त्यांवर कुणीतरी पूर्ण गाणं गाऊन ठेवायचं. मग मोठी गायिका येते, ते कानाला लावून ऐकते, तसंच्या तसं गाते, आणि आधीचा आवाज पुसून टाकतात. तो पुसायचा आवाज अक्कांचा. तीस वर्षांत तीनशेच्या वर गाणी झाली, आणि एकाही गाण्यात अक्का नाहीत.

मरगदमला याचा फार राग यायचा. अक्कांना नाही. "शब्द कवीचे, चाल संगीतकाराची, गळा तिचा," त्या म्हणायच्या. "पण श्वास कुठे घ्यायचा, ते ती माझं ऐकून शिकते. मी जिथे घेतला तिथेच ती घेते. तेवढा माझा."

आणि आता त्याच अक्कांना श्वास पुरत नव्हता. फुप्फुसं सुकत चालली होती. तीन महिने भिंतीतून एकच आवाज यायचा, ऑक्सिजनच्या यंत्राचा. घर्र, फुस्. घर्र, फुस्. अक्का दिवाळी बघणार नाहीत, असं डॉक्टरांनी त्यांच्या भाचीला, तमिळरसीला, जिन्यात हळू आवाजात सांगितलं. मरगदम तेव्हा नेमकी जिना झाडत होती.

त्या मंगळवारी रेडिओवर मिठागराचं गाणं लागलं. नायिका मिठाच्या ढिगांमधून चालत जाते, ते. तमिळ घरात जन्मलेल्याला ते शिकवावं लागत नाही. लग्नात नादस्वरमवाले वाजवतात, रिक्षावाले सिग्नलला उभे राहून गुणगुणतात, आया बाळाला पायांवर घेऊन म्हणतात. पहिलं कडवं संपतं, बासरी आणि वीणा एकमेकींना काहीतरी विचारतात, मग सगळी वाद्यं एकदम गप्प होतात. त्या गप्प जागेत गायिका एक श्वास घेते. छोटासा आणि जरा घाईचा. डोक्यावरची घागर उतरवून ठेवताना बाई घेते ना, तसा. मग दुसरं कडवं.

त्या श्वासापाशी मरगदमही नेहमी श्वास घ्यायची. गाणं काही तिला येत नव्हतं, पण तेवढं यायचं.

त्या दिवशी तिने घेतला आणि ती एकटीच पडली. पाटावर बसायला जावं आणि पाट कुणी काढून घेतलेला असावा, तसं झालं. रेडिओत श्वास नव्हता. वीणा थांबली, क्षणभर काहीच नव्हतं, आणि त्या काहीच-नाहीतून आवाज थेट सुरू झाला.

२

तणिकाचलम वर्तमानपत्रातून मानही वर न करता म्हणाले, की गाण्यात श्वास नव्हता ही तक्रार आकाशवाणीला लेखी पाठव, सोबत तुझा एक जोड. पण होसूरहून मुलाचा फोन आला तेव्हा त्याने नीट समजावून सांगितलं. हल्ली जुनी गाणी कॉम्प्युटरवर साफ करतात. खरखर, खाकरणं, कागदांचा आवाज, सगळं काढतात. श्वासही जात असेल.

मरगदमला हे पटलं. वाईटही वाटलं. तांदूळ धुता धुता सत्त्वच ओतून द्यावं तसलं हे धुणं. पण पटलं, आणि दोन दिवस ती स्वस्थ झोपली.

मग तिच्या लक्षात आलं, की सगळीच गाणी धुतलेली नाहीत. पुरुषांची नीट होती. इतर काही गायिकांचीही होती. श्वास नव्हते ते फक्त अक्कांच्या गाण्यांत. मरगदमला ती सगळी पाठ होती. अक्कांनी कधीतरी ओसरीत बसून सांगितलेली, हे माझं, ते माझं, तो पाळणाही माझाच. त्या गाण्यांत आता आवाज एकदा सुरू झाला की थांबतच नव्हता. एक ओळ, दुसरी, तिसरी, तानेवर तान. ऐकताना मरगदमची छाती भरून यायची आणि रिकामी व्हायला वाट मिळायची नाही. सुरेल होतं. इतकं सुरेल ती बाई पूर्वी कधी गायली नव्हती. पण ते माणसाचं गाणं वाटत नव्हतं.

आणि पुढच्या आठवड्यात शुक्रवारी, गाणी चालू असताना, भिंतीतलं यंत्र बंद पडलं.

मरगदम किल्ली घेऊन धावली. तमिळरसी शाळेत शिकवायला जायची म्हणून एक किल्ली हिच्याकडे असे. वीज गेली, नळी निसटली, अक्का गेल्या, असं सगळं दारापर्यंतच्या सहा पावलांत तिच्या मनात येऊन गेलं. दार उघडलं तर अक्का पलंगावर ताठ बसलेल्या. नाकातली नळी उशीवर काढून ठेवलेली. मांडीवर आरसा, हातात फणी. उशाशी फोनवर गाणं चालू होतं.

"काय गं, धावत आलीस?" अक्का म्हणाल्या. एका दमात म्हणाल्या. तीन महिन्यांत अक्का दोन शब्दांच्या वर एका दमात बोलल्या नव्हत्या.

मरगदम म्हणाली, की सहज आले, रसम आणू का विचारायला. अक्का हसल्या आणि केस विंचरत राहिल्या. गाणं संपलं. मग त्यांनी नळी पुन्हा नाकाला लावली, यंत्र चालू केलं, आणि चष्मा काढून ठेवावा तशा सहज आडव्या झाल्या.

३

कॉम्प्युटर कुठे पोचत नाही? मरगदमच्या कपाटात. तिच्या लग्नातल्या साड्यांखाली एका डब्यात सव्वीस कॅसेट होत्या, त्यांत मिठागराचं गाणं होतं. दुकानातून नवी घेतली तेव्हापासून तिचीच, कुणाला उसनीसुद्धा दिली नव्हती. तणिकाचलम तालुक्याला लग्नाला गेलेले होते. तिने टेपरेकॉर्डर पुसला, कॅसेट घातली, आणि देवापुढे बसावं तशी समोर बसली.

जुनी कॅसेट आधी खरखरली. ती खरखर ऐकून तिला इतकं बरं वाटलं. पहिलं कडवं. बासरी. वीणा.

श्वास नव्हता. पण नुसता श्वासच गेलेला नव्हता. तेवढ्या जागेत कॅसेटची खरखरही नव्हती. केळीच्या पानावरचा एक कोपरा कुणी बोटाने निपटून खाल्ला की पान तेवढंच चकाकतं, तशी ती जागा स्वच्छ होती. मग पुन्हा खरखर आणि दुसरं कडवं.

तिने सहा वेळा मागे नेऊन ऐकलं. टेप झिजली असेल. बुरशी असेल. आपले कान छप्पन्न वर्षांचे झाले. असं ती एकेक कारण पुढे करत होती आणि मन एकेक नाकारत होतं.

बाहेर फुलवाली सेल्वी गजऱ्यांची टोपली घेऊन दारी बसली होती, हातभर मल्ली, म्हणजे मोगरा, मोजत, तोंडाने तेच मिठागर गुणगुणत. पहिलं कडवं झालं. मग ती थांबली. मरगदम खिडकीतून बघत होती. सेल्वीचं तोंड उघडं होतं, हात गळ्याशी गेलेला, डोळे मोठे. मग एकदम खोकला आला आणि ती मोकळी झाली.

"विसरलेच बाई पुढचं," सेल्वी म्हणाली. "असं कसं विसरले?"

४

अक्का सुधारत गेल्या.

हे लिहिताना हात आखडता घ्यायचं कारण नाही. मरगदमला मनापासून आनंद झाला. अक्का गॅलरीत येऊन बसू लागल्या, मग स्वतः कॉफीचं डिकॉक्शन उतरवू लागल्या, मग एका सकाळी त्यांनी दारात रांगोळी काढली, वाकून. डॉक्टरांनी दोनदा एक्सरे काढला. तमिळरसीने वडपळनीच्या मुरुगनला दूध वाहिलं आणि गल्लीत गोड पोंगल वाटला. तिने मावशीसाठी सगळी गाणी फोनमध्ये भरून दिली होती, आणि दुपारचं ते यंत्र आता तास तास गप्प असायचं. त्या शांततेत भिंतीतून गाणं यायचं, आणि गाण्याच्या पाठोपाठ, गाण्याच्या तालावर, एका बाईचा लांब, तृप्त श्वास.

मरगदम खुर्ची भिंतीपासून थोडी सरकवून बसू लागली. तणिकाचलमनी विचारलं, की तब्येत बरी आहे ना?

चोरी म्हणायची का याला? ज्याचं त्यानेच परत घेतलं तर कसली चोरी? तीस वर्षं ती बाई रिकाम्या खोलीत उभी राहून दुसऱ्यांसाठी गायली. एकदा ताप असताना, एकदा आई गेल्याच्या तेराव्या दिवशी. साऱ्या तमिळ मुलखाने त्या श्वासांवर प्रेम केलं, लग्नं केली, पोरं निजवली. त्यातले चार दिवस तिला परत मिळाले तर कुणाचं काय गेलं? असं मरगदम भांडी घासता घासता स्वतःशीच भांडायची आणि जिंकायची. फक्त जिंकल्यावर तिला सेल्वीचा गळ्याशी गेलेला हात आठवायचा.

एक गोष्ट तिने कुणाला सांगितली नाही. एकदा रिकामं केलेलं गाणं अक्का पुन्हा लावत नव्हत्या. रोज नवं लागायचं. आणि तीनशे काही फार मोठा आकडा नाही.

पुरट्टासी महिन्याच्या शेवटी, दिवाळी जवळ आली असताना, यंत्र परत सुरू झालं. आधी तासभर, मग दुपारभर, मग सारखं. घर्र, फुस्.

५

"मरगदम," अक्का म्हणाल्या. मग यंत्राच्या दोन फेऱ्या झाल्या. "आपलं गाणं... तुझ्याकडे आहे ना?"

मरगदम त्यांना कांजी भरवत होती. चमचा वाटीतच राहिला.

आपलं गाणं म्हणजे एकच. तेव्हा मरगदम सव्वीस वर्षांची, नुकती या गल्लीत आलेली. कोरसमधली एक मुलगी आजारी पडली आणि अक्का हिला स्वयंपाकघरातून उचलून स्टुडिओत घेऊन गेल्या, नुसता हुंकार भरायचाय म्हणून. मरगदमने तिथे जे पाहिलं ते ती अजून सांगायची. साठ वादक एका खोलीत, व्हायोलिनचे गज एकाच वेळी वर जाणारे, जणू वाऱ्यात भाताचं शेत. घटमवर चार थापा. मग शांतता. त्या शांततेत पाच बायकांनी एकदम श्वास घ्यायचा आणि एकदम सूर लावायचा. गाण्यात असं चार वेळा.

अक्का पुढे उभ्या. त्यांचा उजवा तळवा वर असला की थांबायचं, छातीत हवा घ्यायचीसुद्धा नाही. तळवा खाली आला की श्वास. तेव्हा सगळं एकत्र वाजायचं, एकाची चूक म्हणजे साठ जणांचं पुन्हा पहिल्यापासून. आणि दुसऱ्या वेळी, हात वर असतानाच, मरगदमने श्वास घेतला. त्या शांततेत तो केवढातरी मोठा ऐकू आला. काचेमागून संगीतकाराने थंडपणे विचारलं, कोणाची घाई झाली?

"माझी," अक्का म्हणाल्या होत्या. "मी हात लवकर सोडला."

एवढ्या अनुभवी बाईने एका नवख्या शेजारणीसाठी ती चूक अंगावर घेतली. चित्रपट पुढे पडद्यावर आलाच नाही. ते गाणं कुठल्या रेडिओवर नाही, कुणाच्या फोनमध्ये नाही. अक्कांनी हट्टाने मागून आणलेली एक कॅसेट तेवढी होती, ती त्यांनी मरगदमला भेट दिलेली. ते एकच गाणं असं, ज्यात अक्कांचा आवाज पुसलेला नव्हता. आणि मरगदमचाही.

"ती ना अक्का," मरगदम म्हणाली, "रीळ अडकून तुटली. केव्हाच."

अक्कांनी तिच्याकडे पाहिलं. रागाने नाही. मग कांजीसाठी तोंड उघडलं.

६

पाच दिवस मरगदम भिंतीशी बसली नाही, तरी ऐकू यायचं. भिंतीला काय, खुर्ची कुठे आहे ते कळत नाही. घर्र, फुस्, आणि दोन्हींच्या मधे काहीतरी चिकटलेलं सुटावं तसा बारीक आवाज. सहाव्या दिवशी तमिळरसी दारात आली. उंबऱ्यावर बसून रडली, आणि म्हणाली की डॉक्टर म्हणतात आता नातेवाइकांना कळवा.

मरगदमने कपाट उघडलं.

तिने हिशोब साधा केला. चार श्वास. आपण दिवसभरात किती घेतो? आणि त्यातले निम्मे लोकांच्या उखाळ्यापाखाळ्या काढण्यात जातात. तणिकाचलम म्हणतात तसं, बोलण्यातच आपण एक गाव जगेल इतकी हवा वाया घालवलीये. चार गेले तर काय झालं? शिवाय आपण पाचांतल्या एक. वाट्याला येतंय ते किती थोडं! सेल्वीचा श्वाससुद्धा तर लगेच सुटला.

तमिळरसी औषधं आणायला गेली. दोन वाजत आले होते. मरगदमने टेपरेकॉर्डर अक्कांच्या उशाशी ठेवला, स्वतः पलंगाच्या कडेला बसली, आणि अक्कांचा हात हातात घेतला. हात कागदासारखा हलका होता.

"तुटली नव्हती," ती म्हणाली. "खोटं बोलले."

अक्कांचे डोळे मिटलेले होते. ओठ हलले. "माहितीये गं. तुझं खोटं... भिंतीतून कळतं."

मरगदमला हसू आलं. हसतच तिने बटण दाबलं.

तीस वर्षं न ऐकलेली खरखर. व्हायोलिनं वर आली, सगळी एकदम, आणि तिच्या अंगावर काटा आला. किती सुंदर होतं ते. किती वेडी माणसं होती ती, एका न लागणाऱ्या चित्रपटासाठी जीव ओतून वाजवणारी. घटमवर पहिली थाप. दुसरी. तिसरी. चौथी.

मग स्वच्छ जागा. खरखरही नाही.

आणि पाच बायका गायला लागल्या. डावीकडून दुसरा आवाज तिचा स्वतःचा होता, तरुण, थोडा कच्चा, पण सुरात. अक्कांची छाती वर आली. वर आली, आणि येतच राहिली, जणू तिला तळच नव्हता. गालांवर रंग आला. त्यांनी आपल्या हाताने नळी काढली आणि उठून बसल्या.

मरगदमच्या डोळ्यांत पाणी आलं. बरं वाटतंय ना अक्का, असं तिला विचारायचं होतं. ओठ हललेसुद्धा. पण विचारायला आधी आत काहीतरी घ्यावं लागतं, आणि चौथ्या थापेनंतर तिने ते घेतलं नव्हतं. आता घेऊ म्हणून ती थांबली, तर घेण्याची जागाच सापडेना. दुखत नव्हतं. ते गाणं चालू होतं आणि त्याला खंड नव्हता.

भिंतीपलीकडून चमचा ताटात ठेवल्याचा आवाज आला. तिच्याच घरातला. या बाजूने तो इतका जवळ ऐकू येतो, हे तिला कधी माहीत नव्हतं. मग तणिकाचलमचा आवाज, अगदी कानाशी असावा तसा: "अगं, दोन वाजले. रेडिओ लावू का?"

अक्का तिच्याकडे बघत होत्या. स्टुडिओत बघायच्या तशाच, सगळं सांभाळून घेणाऱ्या डोळ्यांनी. त्यांचा उजवा तळवा वर होता.

कॅसेटमध्ये घटमवर पुन्हा थापा पडल्या. एक. दोन. मागच्या वेळी इथेच आपली घाई झाली होती, मरगदमला आठवलं. साठ माणसांना आपल्यामुळे पुन्हा वाजवावं लागलं होतं आणि दोष अक्कांनी घेतला होता. या वेळी घाई करायची नाही. हात खाली येईल, मग घ्यायचा. सगळ्यांनी एकदम.

तीन. चार.

ती अक्कांच्या हाताकडे बघत राहिली. हात अजून वरच होता.